गुऱ्हाळावरचा कुत्रा : त्यास गोड घालावें कीं नाहीं ?

गुऱ्हाळ पेटलें आणि पहिली काहील उतरण्याच्या बेतास आली, कीं वासानें शेजारीपाजारी जमतात, पोरें वाट्या घेऊन येतात, आणि वस्तीवरचा कुत्रा चार हातांवर येऊन बसतो. काहील रिकामी झाल्यावर कडेस चिकटलेली खरवड कोणी तरी त्याच्यापुढें टाकतो, आणि तेथेंच वादास तोंड फुटतें. एक वडीलधारा म्हणतो, "अरे, गोड घालूं नकोस, जंत होतील." दुसरा म्हणतो, "डोळे जातील त्याचे." तिसरा हंसून म्हणतो, "आमचा काळू जन्मभर गुळावर वाढला, त्यास कांहीं झालें नाहीं." दौंड तालुक्यांत केडगांव, राहू, खुटबाव या बाजूस हा संवाद ज्यानें ऐकला नाहीं असा शेतकरी विरळा. तिघांच्याही बोलण्यांत थोडें तथ्य आहे. परंतु जें मुख्य, तें तिघांच्याही बोलण्यांतून राहून जातें.

शेतकीच्या मासिकांत कुत्र्याच्या खाण्याचा विचार कशास, असें कोणी म्हणेल. त्यास उत्तर शिरूर तालुक्यांत वस्ती करून राहणारा कोणीही शेतकरी देईल. भीमा, घोड आणि कुकडी यांच्या पाण्यावर ऊस वाढला, आणि उसाच्या दाट फडांत बिबट्यानें बिऱ्हाड केलें. मादी उसांतच विते व पिलें उसांतच वाढतात. जुन्नर वनविभागांत मोडणाऱ्या या तालुक्यांत, रात्रीं शेळ्यांच्या कुडाशीं कांहीं तरी आलें आहे ही पहिली वर्दी कुत्राच देतो. आणि पुष्कळदां बिबट्याचा पहिला घासही तोच होतो. पोट बिघडून निपचित पडलेला किंवा अंगानें सुटून दहा पावलांत धापा टाकणारा कुत्रा राखणीच्या कामाचा तर राहत नाहींच, पण स्वतःचा जीव वांचविण्यासही त्यास पळतां येत नाहीं. बैलाच्या खांद्यास सूज आली तर आपण तालुक्यास धांवतों. कुत्रा मात्र मेला तर मेला, दुसरें पिलूं आणूं, असें म्हणून गप्प बसतों. हें आम्हांस बरोबर वाटत नाहीं.

प्रथम कुत्र्याच्या जिभेचा व पोटाचा विचार करूं. कुत्र्यास गोडाची चव कळते. मांजरास ती कळत नाहीं. गोडी ओळखणाऱ्या इंद्रियाचा जो अनुवंशिक घटक लागतो तो मांजराच्या कुळांत निकामी झालेला आहे, असें २००५ सालीं अमेरिकेंतील फिलाडेल्फिया येथील मोनेल संस्थेच्या शास्त्रज्ञांनीं दाखविलें. कुत्र्याच्या कुळांत तो शाबूत आहे. यासाठीं आपणांस फिलाडेल्फियापर्यंत जाण्याचें खरें तर कारण नव्हतें. कोल्हा हा कुत्र्याचा जवळचा भाऊबंद, आणि तो उसाचीं कांडीं फोडून कशी नासाडी करतो हें बागाइतदारास ठाऊकच आहे. बोरीखालीं पडलेलीं पिकलीं बोरें मेंढवाड्यावरचे कुत्रे वेचून खातात, हेंही आपण पाहतों.

पोटाचेंही तसेंच. कुत्रा हा लांडग्याच्या वंशांतला असला तरी हजारों वर्षें माणसाच्या दारीं भाकरतुकड्यावर राहिल्यानें त्याचें पोट पालटलें आहे. स्वीडनमधील उप्साला येथील संशोधकांनीं २०१३ सालीं प्रसिद्ध केलेल्या शोधाप्रमाणें, पिठूळ अन्न पचविणारा रस तयार करणाऱ्या अनुवंशिक घटकाच्या लांडग्यांत दोनच प्रती असतात, तर कुत्र्यांत चारपासून तीसपर्यंत आढळतात. म्हणजे शेतकऱ्याच्या भाकरीवर जगतां यावें म्हणून निसर्गानें कुत्र्याची जणूं नवी घडण केली. साखर व गूळ हे पदार्थही त्याच्या आंतड्यांत फुटून रक्तांत मिसळतात. तेव्हां गुळाचा एक खडा खाल्ल्यानें धडधाकट कुत्र्यास विषबाधा होत नाहीं, हें निःशंकपणें सांगतां येतें. काळूच्या धन्याचें म्हणणें एवढ्यापुरतें खरें आहे.

मात्र पचनशक्तीस मर्यादा आहे. एका वेळीं फार गोड पोटांत गेलें, तर न पचलेली साखर आंतड्यांत पाणी ओढून घेते आणि कुत्र्यास पातळ जुलाब होतात. पिलांत साखर फोडणारा रस फारच थोडा असतो, म्हणून दोन-तीन महिन्यांच्या पिलास गूळ किंवा साखरेचें पाणी पाजण्याची चाल वाईट आहे. दुधाचें उलट होतें. दुधांतील साखर पिलास पचते, परंतु मोठेपणीं ती पचविण्याची शक्ति पुष्कळ कुत्र्यांत कमी होते. त्यामुळें बासुंदी, खीर, रबडी यांनीं मोठ्या कुत्र्याचें पोट दोन्ही बाजूंनीं मारलें जातें.

आतां जंतांचें. गोड खाल्ल्यानें जंत होतात, ही समजूत आपल्याकडे इतकी पक्की आहे कीं ती खोडतांना घरच्या वडिलांचा रोष ओढवतो. परंतु जंत हे जंताच्या अंड्यापासून होतात, गुळापासून होत नाहींत. लांब गोल जंत पिलाच्या पोटांत आईच्या गर्भांतच शिरतात. म्हणून ज्यानें अजून डोळेही उघडले नाहींत अशा पिलाच्या अंगांतही ते असूं शकतात. आंकडेदार जंत ओल्या मातींतून कातडीवाटे व आईच्या दुधावाटे येतात. काकडीच्या बियांसारखे तुकडे शेणींत दिसतात तो पट्टकृमि पिसवा गिळल्यानें होतो. मग ही समजूत आली कोठून ? आमचा तर्क असा, कीं पोटांत आधींच असलेले जंत गोडानें झालेल्या जुलाबाबरोबर बाहेर पडतात, आणि पाहणाऱ्यास वाटतें कीं कालच्या गुळाचेच हे जंत झाले. समजुतीनें होणारें नुकसान मात्र तर्कापुरतें नाहीं. गूळ बंद केला म्हणजे जंतांचा बंदोबस्त झाला असें मानून घरधनी औषध देतच नाहीं.

येथें थोडें विषयांतर होईल, पण सांगितल्यावांचून राहवत नाहीं. आपल्या भागांत मेंढपाळांचे वाडे पुष्कळ. मेंढरूं किंवा बकरें कापलें कीं कच्चें काळीज, फुप्फुस कुत्र्यापुढें फेकतात. त्यांत पाण्याच्या गांठी असतील तर त्यांतून एक अतिशय बारीक पट्टकृमि कुत्र्याच्या पोटांत वाढतो. त्याचीं अंडीं कुत्र्याच्या विष्ठेंतून भाजीपाल्यावर, पाण्यांत व पोरांच्या हातांवर येतात, आणि माणसाच्या यकृतांत तशाच गांठी धरतात. जंतांची भीति बाळगावयाची तर ती या कच्च्या मांसाची बाळगावी. पिलांस दुसऱ्या, चौथ्या, सहाव्या व आठव्या आठवड्यांत आणि मोठ्या कुत्र्यास दर तीन महिन्यांनीं पशुवैद्यास विचारून जंताचें औषध द्यावें. त्याचा खर्च एका ढेपेच्या किंमतीहून कमी येतो.

डोळे जाण्याची समजूत इतकी पोकळ नाहीं. कुत्र्यास माणसाप्रमाणें मधुमेह होतो, आणि मधुमेही कुत्र्यांपैकीं बहुतेकांच्या डोळ्यांत वर्षा-दीड वर्षांत मोतीबिंदु उतरतो. एवढें पाहून जुन्या माणसांनीं गोडाचा व डोळ्यांचा संबंध जोडला असल्यास नवल नाहीं. किंबहुना मधुमेहाविषयीं माणसास जें ज्ञान झालें त्यांतील बरेंचसें कुत्र्यानेंच दिलें आहे. १८८९ सालीं स्ट्रासबुर्ग येथें मिन्कोव्स्की व फॉन मेरिंग या वैद्यांनीं एका कुत्र्याचें स्वादुपिंड काढून टाकलें, तेव्हां त्याच्या मूत्रांत साखर येऊं लागली आणि या रोगाचें मूळ त्या पिंडांत आहे असें कळलें. पुढें १९२१ सालीं टोरोंटो येथें बँटिंग व बेस्ट यांनीं कुत्र्यांवरच प्रयोग करून इन्शुलीन शोधून काढलें. परंतु कुत्र्याचा मधुमेह बहुधा साखर खाल्ल्यानें होत नाहीं. इन्शुलीन निर्माण करणाऱ्या पेशींचा शरीराकडूनच नाश होतो, किंवा स्वादुपिंडास सूज येऊन त्या जळून जातात. शिवाय नसबंदी न केलेल्या कुत्र्यांच्या माद्यांत तो अधिक आढळतो. फार पाणी पिणें, फार मुतणें आणि खाऊनही रोड होत जाणें हीं त्याचीं लक्षणें होत. असा कुत्रा दिसला तर मात्र त्यास गोड पूर्ण बंद करून दवाखान्यांत न्यावें.

स्वादुपिंडाचें नांव निघालें म्हणून तुपाकडे वळतों. भाकरी तोंडांत धरून पळणाऱ्या कुत्र्यामागें नामदेव तुपाची वाटी घेऊन धांवले, ही कथा आपण सर्वांनीं आजीच्या मांडीवर ऐकली आहे. भूतमात्रीं देव पाहणाऱ्या संताची ती थोरवी. पण आहारशास्त्राचा दाखला म्हणून ती घेऊं नये. कुत्र्यास तूप पचत नाहीं, ही लोकांतली म्हणही उगाच पडली नाहीं. थोडी चरबी त्यास उत्तम पचते. परंतु नेहमीं कोरड्या भाकरीवर राहणाऱ्या कुत्र्यापुढें एकदम लग्नघरचें उरलेलें अन्न आलें, म्हणजे जिलेबी, बुंदीचे लाडू, तुपांत भिजलेल्या पुरणपोळ्या, तर कधीं कधीं स्वादुपिंडास जोराची सूज येते. कुत्रा वारंवार ओकतो, पोट दुखल्यानें पुढचे पाय जमिनीस टेकून मागचा भाग वर धरतो, खाणें सोडतो. यांत कुत्रे मरतातही. दोष साखरेस दिला जातो, आणि तो असतो तुपातेलाचा. लग्नसराईनंतर गांवचे कुत्रे आजारी पडतात तें दृष्टीनें नव्हे.

पुरणपोळीबरोबरची कटाची आमटी हा याहूनही वाईट भाग आहे. कांदा व लसूण यांनीं कुत्र्याच्या रक्तांतील तांबड्या पेशी फुटतात; शिजविल्यानें तो दोष जात नाहीं. आमचा भाग खंडोबाचा, आणि जेजुरी दौंडच्या शिवेपलीकडेच. देवाचा सोबती म्हणून कुत्र्यास घास घालणारीं घरें येथें पुष्कळ आहेत. कांदा-लसणाचें भरीत आणि रोडगा असा नैवेद्य असेल तर त्यांतला रोडगा कुत्र्यास घालावा व भरीत आपण खावें. देवास त्यांत कमीपणा वाटेल असें आम्हांस वाटत नाहीं.

रोजच्या गोडाचा परिणाम सावकाश होतो, म्हणून तो लक्षांत येत नाहीं. गांवठी कुत्र्याचें वजन साधारण १५ किलो धरलें, तर त्यास दिवसास सुमारें ८५० ते ९०० उष्मांकांचें अन्न पुरतें. १०० ग्रॅम गुळांत सुमारें ३८० उष्मांक असतात. म्हणजे मूठभर गुळाचा खडा हें त्या कुत्र्याचें जवळजवळ अर्धें जेवण झालें, आणि त्यांत हाडामांसास लागणारें कांहींच नाहीं. पशुवैद्य सांगतात कीं जेवणाव्यतिरिक्तच्या खाऊनें दिवसाच्या अन्नाचा दहावा हिस्सा ओलांडूं नये. त्या हिशेबानें १५ किलोच्या कुत्र्यास लहानशा आंवळ्याएवढा, म्हणजे २० ग्रॅमचा खडा ही वरची मर्यादा झाली, आणि तीही कधींमधीं. घरांतील प्रत्येक जण प्रेमानें एक एक बिस्किट टाकतो व मर्यादा चहाच्या वेळींच संपते, हा अनुभव मोठ्या कुटुंबांत नेहमींचा आहे. दांतांच्या बाबतींत कुत्रा आपल्यापेक्षां सुदैवी. त्याचे दांत किडतात क्वचित्. पण त्यांवर कीट बसून हिरड्या मात्र सडतात, आणि मऊ चिकट खाण्यानें दांत घासले जात नाहींत.

गुऱ्हाळावरील धोके निराळे. पाक उतरतो तेव्हां तो ११५ अंश सेल्सियसच्या पुढें गेलेला असतो, आणि तो पाण्यासारखा ओघळून न जातां चिकटून राहतो. सांडलेल्या गरम काकवीस कुत्र्यानें तोंड लावलें कीं जीभ व टाळू सोलून निघतात. रस शिजतांना वर येणारा फेस काढून बाजूस ओततात, त्यास आपण मळी म्हणतों. कारखान्यांतील मळी निराळी, ती साखर काढल्यावर उरलेला काळा पाक. गुऱ्हाळाच्या या मळींत चुना असतो, कोठें हायड्रोस पावडरही असते, आणि दोन दिवस उन्हांत राहिल्यावर ती आंबते. आंबलेल्या रसांत मद्यार्क तयार होतो. कुत्रा झिंगल्यासारखा चालूं लागला तर पोरें टाळ्या वाजवितात. पण त्याच्या लहान देहास तो मद्यार्क सोसत नाहीं. रस लागलेलीं चिपाडें चघळून गिळण्याचीही कांहीं कुत्र्यांस संवय असते. उसाचा तो चोथा पचत नाहीं, आणि गोळा होऊन आंतड्यांत अडकला तर शस्त्रक्रियेवांचून उपाय नसतो. म्हणून मळीचा खड्डा झांकावा आणि काहील उतरतांना कुत्रा बांधावा, एवढें गुळव्यास बजावून ठेवावें.

आतांपर्यंत सांगितलेलें बहुतेक सर्व आजार देणारें आहे. पुढें सांगावयाचें तें एका रात्रींत जीव घेणारें आहे, आणि त्यांतील मौज अशी कीं त्यांपैकीं कित्येकांत साखरेचा कणही नसतो.

मधुमेह खेड्यांतही वाढल्यानें बिनसाखरेचे पदार्थ आतां आपल्या फडताळांत आले आहेत. चहांत टाकण्याच्या गोड गोळ्यांत बहुधा वापरले जाणारे सुक्रालोज किंवा स्टीव्हिया हे कुत्र्यास विषारी नाहींत. परंतु झायलिटॉल नांवाचा एक गोड पदार्थ आहे. मक्याचें दाणे काढलेलें कणीस, लाकूड किंवा उसाचें चिपाड यांतील द्रव्यापासून तो बनवितां येतो, म्हणजे एका अर्थानें तो आपल्याच शेतांतला. बिनसाखरेचें च्युइंगगम, कांहीं टूथपेस्टा, चघळण्याच्या गोळ्या व पातळ औषधें यांत तो असतो. माणसास तो निरुपद्रवी आहे. कुत्र्याचें स्वादुपिंड मात्र त्यास साखर समजून फसतें, भराभर इन्शुलीन ओततें, आणि रक्तांतील खरी साखर अर्ध्या-एक तासांत तळास जाते. कुत्रा ओकतो, लडखडतो, झटके येऊन पडतो. दर किलो वजनास ०.१ ग्रॅम इतक्यानें हें घडूं शकतें, ०.५ ग्रॅमपुढें यकृत निकामी होण्याचें भय असतें. १५ किलोच्या कुत्र्यास दीड ग्रॅम म्हणजे च्युइंगगमच्या थोड्याशा वड्या. येथें साखरच औषध ठरते: शुद्धीवर असलेल्या कुत्र्याच्या हिरड्यांस गुळाचें दाट पाणी किंवा मध चोळावा आणि चोळत चोळतच दवाखान्यांत न्यावा. बेशुद्ध असेल तर तोंडांत कांहीं ओतूं नये.

मनुका व द्राक्षें यांनीं कुत्र्याचीं मूत्रपिंडें बंद पडतात. कोणा कुत्र्यास मूठभर खाऊन कांहीं होत नाहीं, तर कोणी थोड्याशांतच जातो. म्हणून प्रमाण ठरवितां येत नाहीं व मुळींच न देणें हेंच बरें. यांचें कारण द्राक्षांतील टार्टारिक आम्ल असावें, असें अमेरिकेंतील पशुविषतज्ज्ञांनीं २०२१ सालीं सुचविलें. तेंच आम्ल चिंचेंत भरपूर असतें, हें ध्यानांत ठेवावें; पुढें त्याचा संबंध येणार आहे. शिऱ्यांतल्या व लाडवांतल्या मनुका निवडून काढण्यापेक्षां तो शिरा कुत्र्यास न घालणें सोपें. चॉकलेट जितकें काळें व कडू तितकें कुत्र्याच्या हृदयास घातक, एवढें सांगून पुढें जातों, कारण खरा धोका फडताळांत नसून बांधावर आहे.

२०१८ सालीं अमेरिकन लष्करी अळी आपल्या देशांत प्रथम दिसली, आणि मक्यावरून ती इतर पिकांवरही जाऊं लागली. तिच्यासाठीं आमिष करण्याची शिफारस आहे ती अशी: दहा किलो भाताचा कोंडा व दोन किलो गूळ दोन-तीन लिटर पाण्यांत कालवून चोवीस तास आंबवावयाचा, आणि टाकण्याच्या अर्धा तास आधीं त्यांत १०० ग्रॅम थायोडीकार्ब मिसळून तें मिश्रण मक्याच्या पोंग्यांत घालावयाचें. उपाय चांगला आहे. पण वाचकांनीं तो कुत्र्याच्या नाकानें वाचून पाहावा. दोन किलो गूळ, आंबूस गोड वास, आणि मऊ कोंडा !

आमच्या मळ्यांत असें झालें. विष कालवून झाल्यावर घमेलें बाभळीखालीं ठेवून गडी व आम्ही दुसऱ्या टोकास सरी पाहावयास गेलों. पाव तासही लागला नसेल. परत आलों तों मोत्या घमेल्यापाशीं उभा, तोंडांतून लाळेच्या धारा, अंगाचे स्नायू थडथडा उडत आहेत. घरांत धांवाधांव झाली. कोणी मिठाचें पाणी पाजलें, कोणी चिंचेचा कोळ, कोणी दूध. या उपचारांत अर्धा तास गेला. दवाखान्यांत पोहोंचलों तेव्हां डॉक्टरांनीं अॅट्रोपिनचीं इंजेक्शनें दिलीं, पण उशीर झाला होता. चूक आमची होती, दुसऱ्या कोणाची नव्हे. सात वर्षें ज्यानें शेळ्या राखल्या, त्यास घमेल्यावर एक पाटी झांकून ठेवली असती तर तो वांचता.

त्या वेळीं केलेले तिन्ही उपचार चुकीचे होते, हें मागाहून कळलें. मिठाच्या दाट पाण्यानें रक्तांत मीठ चढून उलट झटके येतात. चिंचेंत वर सांगितलेलें आम्ल. आणि दुधानें विष उतरत नाहीं. झिंक फॉस्फाईड खाल्लें असेल तर पोटांत अन्न गेल्यानें आम्ल सुटतें व विषारी वायु अधिकच तयार होतो. झटके येणाऱ्या कुत्र्यास ओकविण्याचा प्रयत्न केला तर ओकारी फुप्फुसांत जाते. करावयाचें तें एवढेंच: तोंडाभोंवतीं लागलेलें आमिष हातमोजे घालून ओल्या फडक्यानें पुसावें, विषाचा पुडा किंवा डबा बरोबर घ्यावा, कुत्रा किती वजनाचा, किती वाजतां व साधारण किती खाल्लें हें ध्यानांत ठेवावें, निघण्यापूर्वीं दवाखान्यांत फोन करावा, आणि निघावें. पुडा पाहिल्यानें डॉक्टरांचा अमोल वेळ वांचतो, कारण प्रत्येक विषाचा उतार निराळा.

उंदरांसाठीं धान्य, तेल व गूळ यांत झिंक फॉस्फाईड मिसळून केलेल्या गोळ्या बिळांत खोल घालून बीळ मातीनें बुजवावें, आणि दुसरे दिवशीं मेलेले उंदीर वेचून पुरावे; तो उंदीर खाऊनही कुत्र्यास विषबाधा होऊं शकते. सोयाबिनवर शंखी गोगलगायी येतात तेव्हां गुळाच्या पाण्यांत भिजविलेलीं गोणपाटें शेतांत पसरून त्याखालीं जमलेल्या गोगलगायी सकाळीं गोळा करतात. नुसत्या गुळाच्या गोणपाटानें कुत्र्यास अपाय नाहीं. परंतु त्याजवळच मेटाल्डिहाइडच्या गोळ्या टाकल्या असतील, तर गोणपाटाचा वास कुत्र्यास बरोबर त्या गोळ्यांपर्यंत नेऊन पोहोंचवितो. दोहोंपैकीं एकच उपाय करावा, व गोळ्या टाकल्यास तितके दिवस कुत्रा बांधावा. जीवामृताच्या पिंपासही झांकण असावें.

शेवटीं ट्रॅक्टर. रेडिएटरमध्यें घालतात त्या कूलंटांत पुष्कळदां इथिलीन ग्लायकॉल असतें, आणि तें गोड लागतें. पाणी बदलतांना तें जमिनीवर सोडलें व त्याचें डबकें राहिलें, तर तहानलेला कुत्रा तें चाटून पितो. निर्भेळ ग्लायकॉल दर किलो वजनास चार-पांच मिलिलिटर पोटांत गेलें तरी मृत्यु येऊं शकतो. पहिल्या तासाभरांत कुत्रा झिंगल्यासारखा चालतो. मग थोडा सावरतो, आणि घरच्यांस वाटतें कीं उतरलें. तें उतरलेलें नसतें. आंत मूत्रपिंडांत खडे धरत असतात, आणि एक ते तीन दिवसांत लघवी बंद होते. उपचार होईल तो पहिल्या कांहीं तासांतच, म्हणून झिंगलेला कुत्रा दिसतांच, त्यानें गुऱ्हाळावरची आंबलेली मळी खाल्ली असेल असें धरून न चालतां, ट्रॅक्टरखालची जमीन ओली आहे का तें आधीं पाहावें. कूलंट घमेल्यांत काढून झांकणाच्या डब्यांत भरून ठेवावें, आणि सांडलेल्या जागीं भरपूर माती टाकून ती उचलून खोल पुरावी.

यंदा आमच्या गुऱ्हाळावर नवें पिलूं आहे. काहील उतरली कीं तें खरवडीसाठीं येतें, आणि पोरें त्यास बोटभर गूळ चाटवितात. त्यास आम्ही हरकत घेत नाहीं. आमिषाचें घमेलें मात्र आतां कोठीच्या खोलींत कडी लावून कालवलें जातें.